बार्बाडोसची पहिली सहल: तिकिटापासून समुद्रात उतरेपर्यंत

कॅरिबियनला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी बेटांची यादी करायला बसतात. जमैका, बहामा, सेंट लुशिया, बार्बाडोस आणि जमलं तर त्रिनिदाद. नऊ दिवसांत पाच बेटं! नकाशावर ती एकमेकांना खेटून बसलेली दिसतात खरी, पण जमैका ते बार्बाडोस हे अंतर मुंबई-कोलकात्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यांच्यामधली विमानं शिवनेरीसारखी सारखी सुटत नाहीत. एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यात अख्खा दिवस जातो. म्हणून माझा मुख्य सल्ला आधीच सांगून टाकते: पहिल्या वेळी एकच बेट घ्या, त्या बेटाचा एकच किनारा मुक्कामाला घ्या आणि तिथे निदान सात रात्री राहा.

मी बार्बाडोस सुचवते. बेटाचं क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २३. इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं आणि सार्वजनिक बस जवळपास सगळीकडे जाते. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो: मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई. आई मालवणची. तिच्यामुळे मला हे बेट वेगळ्या डोळ्यांनी दिसलं, त्याबद्दल पुढे येईलच.

पहिली पायरी: तिकिटाआधी ट्रान्झिट व्हिसा

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि पुरेशी मुदत उरलेला पासपोर्ट लागतो. इमिग्रेशन आणि कस्टमचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. निघायच्या दोन-तीन दिवस आधी भरून त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी बार्बाडोस सरकारच्या संकेतस्थळावर एकदा स्वतः वाचून घ्या.

इतकं सोपं आहे म्हणून लोक निश्चिंत होतात आणि मधल्या विमानतळावर अडकतात. भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावं लागतंच, आणि ज्या देशात विमान बदलाल त्या देशाचे नियम तुम्हाला लागू होतात.

अमेरिकेतून जाणार असाल तर फक्त विमान बदलायलासुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिथे प्रत्येकाला इमिग्रेशन पार करून, सामान उचलून, पुन्हा जमा करावं लागतं. कॅनडातून जायचं तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा पाहावा लागतो. लंडनहून जाणं मुंबईकरांना सोयीचं आहे, कारण लंडन ते बार्बाडोस हा साधारण साडेआठ-नऊ तासांचा थेट प्रवास आहे. पण तिथेही भारतीय पासपोर्टधारकाला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर काही अटींवर सवलत मिळते. युरोपातल्या शेंगेन देशांचे नियमही एकसारखे नाहीत. ज्या देशाच्या विमानतळावर उतरणार, त्याचाच नियम वाचायचा.

आमची चूक इथेच झाली. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून मी एका बुकिंग संकेतस्थळावर ते घेऊन टाकलं. रात्री नवऱ्याने नीट वाचलं तेव्हा कळलं, उतरायचं हीथ्रोला होतं आणि पुढचं विमान होतं गॅटविकहून. म्हणजे ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष प्रवेश करून, सामान घेऊन, रस्त्याने दुसऱ्या विमानतळावर जायचं. त्याला वेगळा व्हिसा लागतो. ते तिकीट रद्द करताना बरीच रक्कम गेली. तेव्हा तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, विमानतळाचं नाव वाचा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत ना, सामान थेट ब्रिजटाउनपर्यंत, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीपर्यंत, जाणार ना, हेही विचारा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हा प्रवास फार सोपा आहे. न्यूयॉर्कहून थेट विमान पाच तासांच्या आत पोहोचवतं, मायामीहून चारच्या आत. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का अजून चालू आहे का, ते आधी पाहा. शिक्का संपलेला असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येण्याची जी सवलत एच-१बी ला आहे, ती कॅरिबियन बेटांना लागू नाही. सात दिवसांच्या सुट्टीसाठी जाऊन परतीच्या दारात अडकणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

आणखी एक. सहलीत त्रिनिदाद जोडायचा मोह आपल्याला होतोच, कारण तिथे भोजपुरी मुळांची मोठी वस्ती आहे, दिवाळी आहे, डबल्स नावाचा चण्याचा झकास पदार्थ आहे. जरूर जा, पण त्रिनिदाद पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. फक्त बार्बाडोसला गेलात तर हा प्रश्न येत नाही.

दुसरी पायरी: महिना

बार्बाडोस १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे चेन्नईच्या रेषेत. थंडी नाहीच. वर्षभर तापमान साधारण २४ ते ३१ अंशांच्या मध्ये राहतं आणि पूर्वेकडून व्यापारी वारे सतत वाहत असल्याने चेन्नईसारखी घामट तगमग होत नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडा काळ. हवा उत्तम, पण युरोप-अमेरिकेतली थंडी टाळायला सगळे याच वेळी येतात, आणि खोल्यांचे दर त्यांच्या हिशेबाने लागतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानतात. बार्बाडोस सगळ्या बेटांच्या पूर्वेला, थोडं बाजूला असल्याने पुष्कळ वादळं त्याच्या उत्तरेने निघून जातात. पण जातातच असं नाही. २९ जून २०२४ ला इथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-२० विश्वचषक जिंकलो, आणि लगेच १ जुलैला बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद झाला, विजेता संघ काही दिवस हॉटेलातच अडकून पडला. दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या कितीतरी बोटी त्या लाटांनी फोडल्या. संघासाठी खास विमान आलं. आपल्यासाठी येणार नाही. जून ते नोव्हेंबरमध्ये जात असाल तर वादळामुळे प्रवास रद्द झाला तर भरपाई देणारा विमा घ्या, आणि तो तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाला सहसा चालत नाही.

माझा आवडता काळ म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते १५ डिसेंबर. पाऊस ओसरत आलेला, झाडं हिरवीगार, दर अजून चढलेले नाहीत. शिवाय ३० नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. १९६६ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि २०२१ मध्ये त्याच तारखेला ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक झाले. गावभर निळे-पिवळे झेंडे आणि दिव्यांच्या माळा असतात.

गर्दी आणि नाचगाणं हवं असेल तर जुलैअखेर जा. उसाचा हंगाम संपल्याचा क्रॉप ओव्हर हा उत्सव तेव्हा रंगात असतो आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मोठी मिरवणूक निघते. त्यासाठी राहण्याची जागा खूप आधी घ्यावी लागते.

तिसरी पायरी: किनारा ठरवा, हॉटेल मग

सगळ्यात जास्त विचार या पायरीवर करा. बेट छोटं असलं तरी त्याच्या तीन बाजूंचे समुद्र तीन वेगळ्या स्वभावांचे आहेत.

पश्चिम किनारा कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून आहे. होलटाउन, पेन्स बे, मलिन्स, वर स्पाइट्सटाउन. पाणी तळ्यासारखं शांत, सूर्यास्त थेट समुद्रात. पोहायला न येणाऱ्याला, लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना हाच किनारा चांगला. महागही हाच. श्रीमंतांचे बंगले इथे रांगेने उभे आहेत. पण एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: बार्बाडोसमध्ये सगळ्या पुळणी सार्वजनिक आहेत. कितीही उंची हॉटेल असो, त्याच्यासमोरच्या वाळूवर बसायचा तुमचा हक्क आहे. खुर्ची आणि छत्रीचे पैसे पडतील, वाळूचे नाही. दोन हॉटेलांच्या कुंपणांमधून किनाऱ्यावर उतरणाऱ्या अरुंद वाटा शोधा.

दक्षिण किनारा म्हणजे हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, डोव्हर आणि ऑइस्टिन्स. लाटा मध्यम, भाड्याच्या खोल्या आणि छोटे फ्लॅट भरपूर, दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर, बस हाताशी. पहिल्यांदा जाणाऱ्याने, बेताच्या खर्चात, इथेच राहावं असं माझं ठाम मत आहे. हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राच्या कडेने लाकडी पायवाट आहे. आई रोज पहाटे तिथे फेरी मारायची. तिसऱ्या दिवसापासून चालायला येणाऱ्या तिथल्या बायका तिला हात करायला लागल्या.

पूर्व किनारा अटलांटिकचा. बाथशीबाला गेलात की समुद्रात उभे असलेले, तळाशी झिजून छत्रीसारखे झालेले प्रचंड खडक दिसतात आणि त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा. इथून सरळ पूर्वेला आफ्रिकेपर्यंत मध्ये काहीच नाही, सगळा जोर या किनाऱ्यावर येऊन आदळतो. सर्फिंग करणारे जगभरातून इथे येतात. तुम्ही मात्र पोहू नका. भल्या पोहणाऱ्यालाही आत ओढणारे प्रवाह आहेत. खडकांमध्ये साचलेल्या डबक्यांत पाय सोडून बसा. एक दिवस जाऊन यावं असा हा किनारा आहे, पहिल्या सहलीत मुक्कामाला नव्हे.

जागा नक्की करण्याआधी सारगॅसमबद्दल विचारा. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणात वाहत येतं. बार्बाडोसला ते मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत लागतं. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हॉटेलच्या छायाचित्रांत ते कधीच दिसत नाही. थेट पत्र लिहून विचारा, गेल्या आठवड्यात किनारा कसा होता. खरं उत्तर देणारा मालक असेल तर तिथे राहावं.

दर बघताना कर आणि सेवाशुल्क धरून आकडा आहे का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. आणि स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. का, ते पुढे सांगते.

चौथी पायरी: पैसे

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. हा दर १९७५ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही. अमेरिकन नोटा जवळजवळ सगळीकडे घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात देतात. गोंधळ होतो तो असा की दोन्ही चलनांना लोक नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. टॅक्सीवाला किंवा सहलवाला आकडा सांगेल तेव्हा ‘कोणते डॉलर?’ हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. भारतीय रुपये तिथे बदलून मिळतील अशी आशा ठेवू नका. अमेरिकन डॉलरचं फॉरेक्स कार्ड आणि थोड्या लहान नोटा इथूनच न्या.

बेट स्वस्त नाही. खाण्यापिण्याचं बरंचसं सामान जहाजाने बाहेरून येतं आणि वस्तूंवर साडेसतरा टक्के कर आहे. उपाहारगृहाच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेलं असतं. ते न पाहता वर बक्षिशी ठेवली की दुप्पट जाते.

पाचवी पायरी: बसमध्ये बसा

भाड्याची मोटार घ्यायची तर तिथला तात्पुरता परवाना लागतो, तो मोटार देणारी कंपनीच काढून देते. रस्ते अरुंद आहेत, आतल्या भागात दोन्ही बाजूंना ऊस, वळणावर समोरचं दिसत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवसच मोटार घ्या, पूर्व आणि उत्तर बाजू पाहायला. बाकीचे दिवस बस.

तीन प्रकारच्या गाड्या आहेत. निळ्या रंगाच्या मोठ्या बस सरकारी. पिवळ्या मिनीबस खाजगी. आणि पांढऱ्या रंगावर तांबडा पट्टा असलेल्या व्हॅन, ज्यांना गाडीच्या क्रमांकावरच्या अक्षरांवरून झेडआर म्हणतात. तिन्हींचं भाडं एकच: साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठूनही कुठेही. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, नेमकी रक्कम हातात ठेवा. झेडआरमध्ये गाणी मोठ्याने लागलेली असतात आणि चौघांच्या जागेत पाच बसतात. आपल्याकडच्या वडाप किंवा काळीपिवळीने प्रवास केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

थांब्यावरच्या पाटीवर दोनच दिशा लिहिलेल्या असतात: ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’. शहर म्हणजे ब्रिजटाउन. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायचं तर बहुतेक वेळा ब्रिजटाउनला उतरून गाडी बदलावी लागते. रविवारी गाड्या कमी असतात.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा. विमानतळावर ठरलेल्या दरांचा फलक असतो, तो वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

या सगळ्यात एक रीत विसरू नका. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, रस्ता विचारताना आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. नमस्कार न करता प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. पहिल्या दिवशी मी थेट ‘ऑइस्टिन्सची बस कुठली?’ असं विचारलं, तर समोरच्या आजींनी शांतपणे आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि थांबल्या. मी म्हटल्यावरच उत्तर दिलं. आपल्या गावाकडेही म्हातारी माणसं असंच शिकवत होती.

सहावी पायरी: खाणं

शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, पण त्याला विचारावं लागतं. मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनीची वडी. कधी त्यात अंडं असतं. तुरीच्या दाण्यांचा भात सगळीकडे मिळतो, आणि तो दिसायला अगदी आपला वाटतो, पण चवीसाठी त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालायची पद्धत आहे. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘यात मांस शिजवलं होतं का’ असं विचारा. म्हणूनच मी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायला सांगितलं. बेटावर गुजरातमधून, मुख्यतः सुरतेकडून, गेल्या शतकात येऊन स्थिरावलेले व्यापारी आहेत. डाळी आणि मसाले मिळतात. रताळी, भोपळा, भेंडी, कच्ची केळी बाजारात असतातच.

आईचा खरा शोध मात्र रस्त्याकडेच्या एका निखाऱ्यावर लागला. एक माणूस अख्खं हिरवं फळ भाजत होता. त्याने ते फोडल्यावर आई ओरडलीच, ‘अगं, हा तर आपला नीरफणस!’ तोच. कोकणात आपण त्याची कापं करतो, ते लोक अख्खा भाजून लोणी लावून खातात. मग नोव्हेंबर असल्यामुळे कॉन्कीज मिळाल्या. मक्याचं पीठ, किसलेलं खोबरं, भोपळा, रताळं, साखर आणि मसाले एकत्र करून केळीच्या पानात गुंडाळून उकडतात, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला घराघरांत. आईने पहिला घास घेतला आणि पातोळ्यांची आठवण काढली. पान वेगळं, पीठ वेगळं, पण सणाला पानात काहीतरी गोड उकडायचं हे तेच. राष्ट्रीय पदार्थ कूकू हाही मक्याचं पीठ आणि भेंडी लाकडी पळीने घोटून केलेली उकडच आहे, तिच्यासोबत उडणारे मासे असतात.

मासे खाणाऱ्यांसाठी शुक्रवारची रात्र ऑइस्टिन्सची. कोळ्यांच्या धक्क्याजवळ डझनावारी टपऱ्या, मोठ्या जाळ्यांवर भाजले जाणारे मासे, लांब बाकं, गाणी. साडेसहाच्या आत पोहोचा, नंतर बसायला जागा मिळत नाही. फलकावर ‘डॉल्फिन’ लिहिलेलं पाहून दचकू नका. तो माही-माही नावाचा मासा आहे. पिवळ्या रंगाचं पेपर सॉस मोहरी आणि तिखटजाळ मिरचीचं असतं. आपण तिखट खाणारे आहोत या भरवशावर चमचाभर घेऊ नका, आधी थेंब चाखा.

सातवी पायरी: समुद्र आणि ऊन

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, पिवळा असेल तर जपून. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच पोहा. रॉकली आणि डोव्हरला असतात.

खोडावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर लांब राहा. ते मॅन्चिनील. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं लागतात आणि ती विषारी आहेत. चीकसुद्धा कातडी भाजते. सावली चांगली पडते म्हणून लोक खाली बसतात. पाऊस आला तर मुळीच नको, पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. प्रत्येक झाडावर पट्टा असतोच असं नाही.

ब्रिजटाउनलगतच्या कार्लाइल बेमध्ये बुडालेली जुनी जहाजं उथळ पाण्यात आहेत. पाण्यात पाहायचा मुखवटा लावून वरून पाहिली तरी दिसतात, आणि समुद्री कासवं भेटतात. कासवांना हात लावू नका, खाऊ घालून बोलावणाऱ्या सहली टाळा. हॉक्सबिल कासविणी मेपासून ऑक्टोबरपर्यंत रात्री वाळूत अंडी घालायला येतात. तेव्हा किनाऱ्यावर बॅटरी लावू नये. वेळासच्या कासवांचं काम पाहिलेल्या कोकणवासीयाला हे वेगळं सांगायला नको.

ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण पाठ सोलून काढतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे परतीची वाट अंधाराआधी धरा. डास चावतात, डेंग्यू तिथेही आहे, मलम न्या.

मधल्या दिवसांसाठी

केन्सिंग्टन ओव्हलला जा. सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला ते मैदान म्हणून जाच, पण त्याआधीची आठवणही सोबत न्या. १९७१ च्या दौऱ्यात वाडेकरांच्या संघातून गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी इथे १५० धावा केल्या आणि गावस्करांनी नाबाद ११७. १९६२ मध्ये याच ब्रिजटाउनमध्ये आपले कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला होता आणि त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत बार्बाडोसचेच, वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. बाहेर बार्बाडोसचेच थोर क्रिकेटपटू गॅरी सोबर्स यांचा पुतळा आहे. तिथे उभं राहून ही नावं एकमेकांना सांगा, मुलांना ऐकू द्या.

हॅरिसन्स केव्ह या चुनखडीच्या गुहेत ट्रॅममध्ये बसून उतरता येतं. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पावसाचं पाणी तीतून गाळून खाली साठतं, आणि नळाला येणारं गोड पाणी तेच.

एक अर्धा दिवस इतिहासाला द्या. इंग्रज १६२७ मध्ये आले आणि पुढची दोन शतकं या सुंदर बेटावर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या मेहनतीवर साखर पिकली. १८१६ च्या गुलामांच्या बंडाशी जोडलेल्या बुसाचं नाव लोकांनी शहराबाहेरच्या चौकातल्या पुतळ्याला दिलं आहे: हात वर केलेला, साखळ्या तुटलेला माणूस. बस तिथून जाते. गॅरिसन भागातलं संग्रहालय एका जुन्या लष्करी तुरुंगाच्या इमारतीत आहे. ते पाहिल्यावर उसाची शेतं पहिल्यासारखी दिसत नाहीत.

सामान बांधताना

लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे अजिबात नकोत. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांच्या टोपीपासून पिशवीपर्यंत. पोहण्याच्या कपड्यांत बाजारात फिरणंही वाईट दिसतं. वरून काहीतरी चढवा. वीज ११५ व्होल्टची आहे आणि पिन अमेरिकेसारख्या चपट्या. फोनचा चार्जर पिनचा अडॅप्टर लावून चालेल, घरची इस्त्री किंवा किटली चालणार नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात. आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये घाला: पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. घरी फोन करताना बार्बाडोस आपल्यामागे साडेनऊ तास आहे हे लक्षात असू द्या. तिथे रात्रीचं जेवण उरकतं तेव्हा इथे सकाळ उजाडलेली असते.

पहिल्या रात्री झाडांतून तार स्वरात शिट्ट्यांसारखा अखंड आवाज येईल. ते बेडूक आहेत, नखाएवढे. खिडकी बंद करू नका, दोन रात्रींत त्याच्याशिवाय झोप येईनाशी होते.

लंडनला जाणारी विमानं बहुधा संध्याकाळी सुटतात. म्हणून शेवटच्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवा, खोली सोडल्यावर सामान ठेवून घ्याल का हे मालकाला आदल्या दिवशी विचारा आणि एक कोरडा कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत वेगळा ठेवा. आई त्या सकाळी साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात तासभर उभी होती.